उत्तर देणारी

नाही म्हणजे काय नाही? — आणि तो चहा आधी खाली ठेव, सांडशील. हां. आता सांग. तुझा बाप म्हणाला, माईला म्हणावं वैण नको, मयताचं ते रडगाणं नको. मग तो स्वतः का नाही आला? मला सांगायला पोरीला पाठवतो! ज्याला मी तेल लावून न्हाऊ घातलंय, ज्याच्या कानामागचा मळ मी पदरानं काढलाय, तो आज मला निरोप धाडतो — तेही चहाबरोबर. बस इथं. बस गं, खाटेवर, मी काही चावत नाही. तू रवनीत ना? तरलोचनची धाकटी. कॅनडात असतेस. तुझी आजी तुझा फोटो मला इतक्यांदा दाखवायची की तुझ्या नाकावरचा तीळ मला पाठ आहे. आणि मी कोण, ठाऊक आहे का तुला? मी ईशराँ. ईशराँ नाईण, न्हाव्याघरची. या आळीतल्या लग्नाची हळद मी लावते आणि इथून जाणाऱ्या बायकांची शेवटची आंघोळ मी घालते. तुझ्या आजीला सकाळी मीच न्हाऊ घातलं, तुम्ही विमानतळावरून येत होता तेव्हा. केस विंचरले. पुन्हा तुमच्या त्या बर्फाच्या पेटीत ठेवलं. केवढा आवाज करतं गं ते यंत्र — घर्रर्र घर्रर्र — वीराँला झोपेत पंख्याचा आवाज सहन व्हायचा नाही.

गुरुद्वाऱ्यातले भाईजी काय म्हणाले? मला ठाऊक आहे काय म्हणाले. देवाच्या मर्जीपुढं मान झुकवायची, छाती बडवायची नाही, मोठ्यानं रडायचं नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी भाईजींशी वाद घालत नाही, ते शिकलेले, चांगला माणूस, माझ्या गुडघ्याला तेल आणून देतात. लावा म्हणावं भोंगा, म्हणा म्हणावं पाठ, मी पण हात जोडून बसेन. माझं थोडंसंच आहे. एक प्रश्न आणि एक उत्तर, झालं. मी काही गुरुघराच्या आड येत नाही. पण शब्द दिलाय गं मी. वीराँवालीला शब्द दिलाय — आणि वीराँवाली म्हणजे तुमच्यासाठी आजी असेल, माझ्यासाठी ती कोट सुजानची वीराँ आहे, किराणा दुकानदाराची पोर. बापाच्या दुकानातला गूळ चोरून मला चाटवायची, आणि नाईणीच्या पोरीला तोंडानं भरवलं म्हणून आईचा मार खायची.

कोट सुजान कुठं? काय सांगू तुला! झंगकडं. चनाब नदीच्या काठी. आता पलीकडे गेलं ते, दुसऱ्या देशात. तुझ्या त्या फोनमध्ये नाही सापडणार. फाळणीत आम्ही इकडे आलो तेव्हा मी आणि वीराँ एवढ्या एवढ्या होतो, एका बैलगाडीत, एका रजईत. छावणीत राहिलो, मग अबोहरजवळ इथं जागा मिळाली. आता या आळीत बघशील तर सगळे सारखे — सारखीच पगडी, सारखाच ट्रॅक्टर, सगळ्यांची पोरं कॅनडाला. पण तेव्हा एका घरात एक पंजाबी, दुसऱ्या घरात दुसरी! समोर होते ते पोठोहारचे, डोंगराकडचे — त्यांची म्हातारी इतकं हळू बोलायची जसं मांडीवर मूल झोपलंय. कोपऱ्यावरचे मुलतानचे, ते भांडायला लागले तरी ऐकत राहावंसं वाटायचं, इतकं गोड. पाठीमागे लाहोर-अमृतसरचे, त्यांना वाटायचं खरी बोली आमचीच, बाकी सगळे तोतरे. आणि ज्यांच्या जमिनीशेजारी आम्ही येऊन पडलो ते इथले मालवई — ते आम्हां सगळ्यांनाच हसायचे. आम्ही झंगवाले तर सगळ्यात खालचे. जांगली म्हणायचे आम्हाला. जंगलातून आलेले. तुझी आजी विहिरीवर पाणी मागायला गेली तर बायका मुद्दाम दोनदा-दोनदा बोलायला लावायच्या, म्हणजे पुन्हा हसता येईल.

आणि या सगळ्यांची एकच नाईण — माझी आई. तिकडे गावात कोणी गेलं तर मिरासणी यायच्या, त्या वैण म्हणायच्या. त्या मुसलमान, त्या पलीकडेच राहिल्या. छावणीत पहिली म्हातारी गेली तेव्हा बायका नुसत्या तोंडाकडे तोंड करून बघत बसल्या. रडायचं कसं तेच कळेना! हसू नको, खरं सांगते. एकटीनं रडणं वेगळं. आमच्यात बायांनी रिंगण करायचं, मध्ये दोघी. एक विचारणारी, एक उत्तर देणारी. विचारणारी मेलेल्याला नावानं हाक मारते, म्हणते, निघालास, मागं काय राहिलं? आणि दुसरी मेलेल्याच्या वतीनं बोलते. त्याचं काय काय राहिलं ते सांगते. मग रिंगण हाय म्हणतं. तर तेव्हा माझी आई उठली. पदर खोचला आणि पुढं उभी राहिली. तेव्हापासून आमच्या घरात हे आलं.

आणि आईचा एक नियम होता. मेलेल्याला त्याच्या बोलीत हाक मारायची. मुलतानचा असला तर मुलतानी, डोंगरातला असला तर डोंगरी. ती म्हणायची, परक्या बोलीत हाक मारली तर त्याला वाटतं दुसऱ्या कोणाला तरी बोलावतायत, तो वळून बघत नाही, तसाच जातो. म्हणून ती घराघरात जाऊन बसायची. लोकांना वाटायचं, नाईण चहाला आलीय. ती बोली गोळा करायला आलेली असायची. पोठोहारच्या म्हातारीजवळ तर अख्खा हिवाळा बसली. आणि म्हातारी गेली तेव्हा आईनं तिच्या त्या हळू बोलीत अशी हाक मारली की तिचा मुलगा — मोठा पोलिसातला माणूस, मिशा अशा — तो भिंतीला टेकून खाली बसला.

आणि उत्तर द्यायला तुझी आजी. हो! वीराँ! तुला कोणी सांगितलंच नाही? आईची उत्तर देणारी होती एक मावशी, ती वारली. मग एका मयताला आईनं विचारलं, मागं काय राहिलं, आणि कोणी बोलेना. रिंगणातून ही पुढं आली. नवी सून होती, हातात अजून चुडा होता. तिच्या सासूनं नंतर काय तमाशा केला! आमच्या घरची सून नाईणीचं काम करते म्हणून. वीराँ ऐकायची नाही. आई गेल्यावर विचारणारी मी झाले, उत्तर देणारी ती. आणि उत्तर पाठ केलेलं नसतं बरं का. विचारायचं कसं ते ठरलेलं, ते मी आईकडून शिकले. उत्तर आयत्या वेळी सुचावं लागतं, प्रत्येक माणसाचं वेगळं. तिला कसं सुचायचं देव जाणे. मुलतानवाला गेला तर ही त्याच्या बोलीत म्हणाली, आंबे पेंढ्यात घातलेत, उद्या परतून ठेवा, एक बाजू सडेल. शिंपीण गेली तर म्हणाली, सुईत दोरा ओवलेला राहिला, कोणाच्या पायात जाईल. असलं काहीतरी साधं. आणि घरच्या लोकांचा बांध फुटायचा. कारण आत खरंच आंबे असायचे. खरंच सुई असायची. ती मयताला जायच्या आधी स्वयंपाकघरात एक चक्कर मारून यायची, लबाड. मला म्हणायची, तुझं काय, तू नुसतं विचारतेस, डोकं मला चालवावं लागतं.

चहा थंड झाला बघ. असू दे, असू दे, थंडच पिते मी.

तुझ्या बापाला राग कसला आहे ते मला माहितीय. तो वाईट नाही गं. शाळेत जायला लागला आणि पोरं त्याच्या मागं जांगली-जांगली करत घरापर्यंत यायला लागली. एक दिवस तो दारात उभा राहिला, दप्तर टाकलं, आणि आईला म्हणाला, माझ्याशी असं बोलायचं नाही. केवढासा होता. तुझ्या आजीनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून नाही बोलली. एकदम इथल्यासारखी बोलायला लागली, शाळेतल्या मास्तरणीसारखी. घरात शिरताना चप्पल काढून ठेवावी तशी तिनं आपली बोली बाहेर काढून ठेवली. बाहेर म्हणजे कुठं? इथं. या खाटेवर. या झाडाखाली. दुपारी घरातले झोपले की ती इथं यायची, मटार सोलायचे असोत नसोत, टोपली घेऊन यायची, आणि आम्ही दोघी बोलायचो. तुझा बाप शाळेतून येताना दिसला की वाक्याच्या मध्यात बोली बदलायची. मी हसायचे. ती पण हसायची. पण एकदा मी हसले आणि ती नाही हसली. मग मी पुन्हा त्यावर हसले नाही.

तुझे आजोबा गेले तेव्हा तुझा बाप कॅनडाहून आला होता, पाहुणे होते, साहेब लोक होते. मी पदर खोचून उभी राहिले तर त्यानं माझ्यापुढं हात जोडले. माई, हात जोडतो, हे नको. हात जोडणाऱ्याला काय बोलणार? मी बसले. वीराँ नवऱ्याच्या उशाशी बसलेली, डोक्यावर पांढरी ओढणी. भोंग्यावर पाठ चाललेला. मी बघितलं तर तिचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं पाठ म्हणतेय. मला कळलं ती काय म्हणतेय. ती उत्तर देत होती. मी विचारलंच नव्हतं, तरी ती उत्तर देत होती.

त्यानंतर ती इथं आली, याच खाटेवर, आणि माझा हात धरून म्हणाली, ईशराँ, माझ्या वेळी गप्प नाही बसायचं. कोणी हात जोडो, पाय धरो. मला हाक मारायची, आपल्या बोलीत. नाहीतर मी वळून नाही बघणार, आधीच सांगून ठेवते. मी म्हटलं, वेडी आहेस का, मी आधी जाणार. दमा मला, रात्री खोकते मी, तू तर घोड्यासारखी चालतेस. मी आधी जाईन आणि तूच माझ्यासाठी म्हणशील. मग आम्ही दोघींनी शब्द दिला एकमेकींना. जी राहील तिनं म्हणायचं. आणि मग मी तिला छेडलं — म्हटलं, समजा तूच आधी गेलीस, आणि मी विचारलं, वीराँ, मागं काय राहिलं, तर काय सांगशील? तर ती मटार तोंडात टाकून म्हणाली, आत्ताच सांगू? वेळ आली की सांगेन. आत्ता सांगितलं तर मजा काय राहिली!

किती हसलो आम्ही त्या दिवशी. मला खोकल्याची उबळ आली, तिनं पाठ चोळली.

आणि बघ, गेली पुढं. मला रागच आलाय तिचा. खरं सांगते. रडू येण्याआधी राग येतो. मी आता कोणाशी बोलू? तुम्ही लोक चार दिवसांनी विमानात बसाल, रडाल, जेवाल, तुमच्याकडे बोलायला माणसं आहेत. या आळीत आता माझी बोली समजणारं कोणी नाही. सगळे चांगले आहेत, रोटी देतात, विचारपूस करतात. पण मी आपल्या बोलीत काही म्हटलं तर, काय म्हणालीस माई, असं म्हणतात. मोठ्यानं म्हणतात, जशी मी बहिरी. दुपारी मी या खाटेवर बसून काय करू, झाडाशी बोलू?

नको, नको विचारूस ते. … शेवटी काय म्हणत होती ते तुला कशाला हवं? … हो, मीच होते जवळ. दवाखान्यात ती नुसती झंगचं बोलत होती, इथली बोली विसरूनच गेली. नर्सला वाटलं म्हातारी बडबडतेय. मीच सांगायचे, पाणी मागतेय, कूस बदलायची म्हणतेय. … बापाचं नाव? तुझ्या बापाचं? घेतलं की. न घ्यायला काय झालं. एकुलता एक मुलगा. घेतलं. तरलोचन, तरलोचन करत होती.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझे डोळे तिच्यासारखे आहेत, मला खोटं बोलता येत नाही. नाही घेतलं. आईला हाक मारत होती. एक वासरू होतं त्यांच्याकडं, कपाळावर चांद असलेलं, त्याला बोलवत होती. मला बोलवत होती, मी समोर असून बोलवत होती — लहानपणीच्या मला. तुझ्या बापाला नाही. मी कानाशी जाऊन म्हटलं, वीराँ, तरलोचन येतोय गं. तर तिनं असं बघितलं, जसं कोणा शेजाऱ्याच्या पोराचं नाव घेतलंय. मला पण नंतर कळलं. त्या बोलीत तुझा बाप नव्हताच गं. त्याच्याशी ती त्या बोलीत बोललीच नव्हती, मग तो तिथं सापडणार कसा? इतकं सोपं आहे. प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतं, पण ते दुसऱ्या खोलीत ठेवलेलं होतं आणि ती या खोलीत येऊन पडली होती.

अगं — अगं ए! रवनीत! कुठं पळतेस? सांगू नकोस त्याला! मेली माझी जीभ. त्याला सांगायचं नव्हतं हे. कोणालाच सांगायचं नव्हतं.

गेली. … पेला पण टाकून गेली. आता तो येईल आणि मला आळीतून हाकलून देईल, आणि बरोबरच करेल. पोराला असलं सांगतात का कोणी? आईनं तुझं नाव घेतलं नाही म्हणून? वीराँ, तू असतीस तर चप्पल घेऊन मारलं असतंस मला. तू म्हणाली असतीस, तू नुसतं विचार, बोलायचं काम माझं.

आलीस परत? काय? काय म्हणाला बाप? … कर म्हणाला? … नक्की? तू सांगतेयस तसंच म्हणाला, की तू रडलीस म्हणून म्हणाला? … तो बघ, दारात उभाय. पगडी सुटलीय त्याची. बापरे, किती म्हातारा झाला गं पोरगा. … भोंगा बंद केलास, तरलोचन? … देव तुझं भलं करो. भाईजी, रागावू नका. थोडंसंच आहे. हात दे पोरी, गुडघा सरळ होत नाही. चल. हळू. ते यंत्र बंद करा रे कोणी, मला माझाच आवाज ऐकू येत नाही. … हां. बायांनो, या अशा. रिंगण करा. येत नाही? काही नाही येत नाही, नुसतं हाय म्हणायचं, मी थांबले की म्हणायचं. ओढणी ठीक कर वीराँची. बघ किती शांत पडलीय. मला वाट बघायला लावून.

वीराँ गं, कोट सुजानच्या वीराँ,
नदी चढली, नाव सुटली, वीराँ गं,
निघालीस — मागं काय राहिलं?

…

…

नाही, विसरले नाही. पुढं मला म्हणायचं नाहीय. थांबलेय मी.

… थांबायचं असतं इथं. इथं ती … 

अगं आई गं.

आम्हा दोघी म्हाताऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं. शब्द देताना, हसताना, मटार खाताना — कोणाच्याच डोक्यात आलं नाही की दोघीच उरलोय, एक गेली की उत्तर कोण देणार. मी तिथं बसून विचार करत होते, ती काय सांगेल. खरंच गं. सकाळी केस विंचरताना पण वाटलं, आज कळेल.

नको पोरी. तू नको बोलूस. तुला माहीत नाही तिचं काय राहिलं, आणि मला माहीत असून सुचत नाही. राहू दे.

यंत्र लाव तरलोचन, ऊन फार आहे. आणि भोंगा पण लाव. जा, सगळ्या जा आत.